एका बैठकीला चित्रे किती?

माझ्या आजीचा एकच फोटो आमच्या घरी आहे. १९५२ च्या सुमारास, धाकट्या काकांचे लग्न झाल्यावर, साऱ्या कुटुंबाला तालुक्याच्या गावी नेऊन तेथील एका स्टुडिओत तो काढविला होता. तिवईवर उभा केलेला लाकडी कॅमेरा, त्यावरचे काळे कापड आणि त्या कापडात डोके खुपसून बराच वेळ काहीतरी न्याहाळणारे फोटोग्राफर मला चांगले आठवतात. अर्धा-पाऊण तास त्यांनी आम्हांला बसविण्या-उठविण्यातच घालविला. अखेरीस त्यांनी भिंगावरची टोपी काढली, मनाशी आकडे मोजले, टोपी पुन्हा बसविली आणि म्हणाले, “झालं.” एक काच आणि एक फोटो, एवढ्यावर बैठक संपली. आठवड्याने प्रत हाती आली, तेव्हा असे आढळले की, नेमक्या त्या क्षणी आजीने डोळे मिटले होते. दुसरी काच खर्ची घालण्याचा विषयही कोणी काढला नाही. फोटोग्राफरांनी बारीक कुंचल्याने तिच्या मिटल्या पापण्यांवर बुबुळे रंगवून दिली. पुढच्याच वर्षी आजी गेली. आमच्या भिंतीवरून आज जी पाहते तिचे डोळे तिचे नव्हेत.

गेल्या वर्षी नातीच्या मुलीचे बारसे झाले. त्या समारंभाला आलेल्या तरुण फोटोग्राफराने तीन तासांत अकराशे चित्रे घेतली. पुढे त्यांतली चाळीस निवडून त्याने आमच्याकडे पाठविली. उरलेली एक हजार साठ कोठे गेली, असे मी विचारले, तेव्हा त्याला माझ्या प्रश्नाचा अर्थच कळेना.

या दोन प्रसंगांतील अंतर केवळ स्वस्ताईचे आहे, असे पुष्कळांना वाटते. काच महाग होती, फिल्म तिच्याहून स्वस्त झाली, आता तर चित्राला काही मोलच पडत नाही, म्हणून आकडा वाढला. हे खरेच आहे. पण मला यात दुसरीच एक गोष्ट घडलेली दिसते. चित्रांची संख्या वाढत गेली तसतशी निवडीची वेळ पुढे सरकत गेली. काचेच्या काळात जो काही विचार करावयाचा तो खटका दाबण्यापूर्वी होई, आणि त्यात समोर बसलेल्या माणसाचाही वाटा असे. पुढे ही निवड टेबलाशी बसून होऊ लागली, आणि तेथे तो माणूस हजर नसे.

प्रारंभापासून पाहू. फ्रान्समधील दागेर याची पद्धत १८३९ साली जगापुढे आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे, आणि त्या चित्राची प्रत निघत नसे. पत्र्यावर पुरेसा प्रकाश पडण्यास पहिल्या काळात कित्येक मिनिटे लागत. माणसाची मान स्थिर राहावी म्हणून खुर्चीमागे लोखंडी चिमटा बसवीत. इतका वेळ खोटे हसू तोंडावर टिकविणे शक्य नसल्यामुळे त्या काळची सारी माणसे आपल्याला गंभीर दिसतात. वस्तुतः ती आपल्याइतकीच हसरी असतील.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची पद्धत शोधून काढली. काच घासून लख्ख करावयाची, तिच्यावर कोलोडियनचा चिकट द्राव ओतावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि ओली असतानाच अंधारात नेऊन तिच्यावर चित्र उमटवावयाचे. हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. काच वाळली की ती गेलीच. म्हणजे फोटोग्राफरने आपली अंधारखोली पाठीशी घेऊनच हिंडले पाहिजे. रॉजर फेंटन १८५५ साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला तेव्हा त्याने एका दारूविक्याची घोडागाडी विकत घेऊन तिची अंधारखोली बनविली होती, आणि सातशे काचा बरोबर नेल्या होत्या. तीन-चार महिन्यांत त्याने सुमारे तीनशे साठ चित्रे घेतली. आजचा क्रिकेटचा फोटोग्राफर तेवढी चित्रे एका षटकात घेतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण एका डावात नक्कीच घेतो.

फेंटनच्या त्या चित्रांपैकी एक फार गाजले आहे. तोफगोळे विखुरलेला एक उजाड खिंडीतला रस्ता, एवढाच त्याचा विषय. गंमत अशी की, त्याच जागेवरून, तिवईही न हलविता घेतलेले दुसरे चित्रही उपलब्ध आहे, आणि त्यात रस्ता मोकळा असून गोळे कडेच्या चरात पडलेले आहेत. मग आधीचे कोणते? गोळे रस्त्यावर पसरून दुसरे चित्र घेतले, की वाटेतले गोळे कोणी उचलून नेल्यावर? यावर पुष्कळ वाद झाला. अमेरिकेतील चित्रपट-दिग्दर्शक एरल मॉरिस याने स्वतः क्रिमियात जाऊन, छायांचा अभ्यास करून पाहिले; अखेर उतारावरचे लहान दगड दोन चित्रांमध्ये खाली घरंगळलेले दिसले, आणि त्यावरून गोळ्यांविना असलेले चित्र आधीचे ठरले. फेंटनने एकच काच वापरली असती तर ही शंका कोणाच्या मनातही आली नसती. दुसरे चित्र घेतले की पहिल्याला साक्षीदार निर्माण होतो, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, म्हणजे या कलेच्या बाबतीत आपण फारसे मागे नव्हतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतील आपली माणसे. पुढे इंदूर व सिकंदराबाद येथे नाव मिळविलेल्या लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईसही स्टुडिओ काढला. त्यांच्या २,८५७ काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील संस्थानिक पाहावेत. तलवार कोणत्या हातात, शेला कोणत्या खांद्यावर, पाऊल किती पुढे, हे सारे आधी ठरलेले दिसते. ते ठरविणाऱ्यांत महाराजही असले पाहिजेत. आपण कसे दिसावे याविषयी त्या माणसांची काही एक कल्पना होती, आणि फोटोग्राफराला ती मानावी लागे. आमच्या आजीला असा अधिकार कोणी दिला नव्हता, हेही खरे. काच सर्वांनाच एक मिळे, पण तिच्यापुढे बसणाऱ्यांचा दर्जा एक नसे.

पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ मध्येच एका काचेवर आठ लहान चित्रे घेण्याची युक्ती काढून तिचे पेटंट घेतले होते. परंतु त्यात हेतू प्रती स्वस्त करण्याचा होता. खरा पालट पुढे झाला. १८७१ मध्ये मॅडॉक्स याने कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली आणि घोडागाडीची गरज संपली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक आला, त्यात एकाच गुंडाळीवर शंभर चित्रे निघत. शंभर झाली की सबंध कॅमेराच रॉचेस्टरला कारखान्याकडे पाठवावयाचा. पुढे १९२५ साली लाइका कॅमेरा बाजारात आला. चित्रपटाची अरुंद फिल्म, खिशात मावणारे यंत्र आणि छत्तीस चौकटी. हा छत्तीसचा आकडा नंतर फोटोग्राफरांच्या हाडीमाशी इतका खिळला की, त्याची एक मौज मी पुढे सांगणारच आहे.

मात्र लाइका आला म्हणून मोठे कॅमेरे लगेच अडगळीत गेले नाहीत. आणि आपल्या मनावर कोरली गेलेली या शतकापूर्वीच्या शतकातील काही चित्रे पाहिली, तर त्यामागचे आकडे आश्चर्यकारक रीतीने लहान आहेत. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावा येथे कॅनडाच्या संसदेत चर्चिल यांचे भाषण झाले, आणि लगतच्या दालनात यूसुफ कार्श आपला मोठा कॅमेरा व दिवे मांडून वाट पाहत होता. चर्चिलना याची पूर्वकल्पना कोणी दिलेली नव्हती. ते रागावले, सिगार पेटविली, आणि एका चित्रापुरती परवानगी दिली. कार्शने रक्षापात्र पुढे केले. सिगार काही सुटेना. तेव्हा तो पुढे झाला, नम्रपणे क्षमा मागितली आणि त्यांच्या तोंडातली सिगार सरळ काढून घेतली. परत येऊन त्याने खटका दाबला, त्या वेळी चर्चिलच्या मुद्रेवर जो संताप होता तो साऱ्या जगाने ब्रिटनच्या निर्धाराचे प्रतीक म्हणून डोक्यावर घेतला. त्यानंतर खुश होऊन चर्चिलनी दुसरे चित्र घेऊ दिले. त्यात ते मंद हसत आहेत. एका बैठकीची दोनच चित्रे, आणि दोन्ही खरी. जगाला त्या दिवसांत हसणारा चर्चिल नको होता.

मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन महिलेची हकीकत आपल्याला अधिक जवळची आहे. १९४६ साली गांधीजींचे चरख्यासह चित्र घेण्यासाठी ती आली, तेव्हा तिला प्रथम सूत कातावयास शिकविण्यात आले; चरखा ज्याला कळत नाही त्याने चरख्याचे चित्र काय घ्यावे, असा त्यात विचार होता. शिवाय तो गांधीजींचा मौनाचा दिवस होता आणि प्रखर प्रकाश त्यांना सोसत नसे. पुष्कळ रदबदलीनंतर चमक-दिव्याचे तीन गोळे वापरण्याची मुभा मिळाली. तिने स्वतः लिहून ठेवले आहे की, पहिले दोन वाया गेले. थोडा दोष यंत्राचा, थोडा तिच्या धांदलीचा. तिसरा साधला. येथे चित्रांची संख्या कारखान्याने ठरविली नाही, समोर बसलेल्या वृद्धाच्या डोळ्यांनी आणि त्याच्या आश्रमीय मंडळींनी ठरविली. असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

याउलट कॅलिफोर्नियातील निपोमो गावची १९३६ च्या मार्च महिन्यातील गोष्ट पाहा. सरकारी कामावरून घरी परतणारी डोरोथिया लँग वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावरून पुढे गेली, वीस मैलांवर तिचे मन खाऊ लागले, आणि ती मागे फिरली. राहुटीच्या तोंडाशी एक स्त्री मुलांसह बसली होती. लँगने दुरून आरंभ केला आणि प्रत्येक चित्रागणिक ती जवळ जवळ सरकत गेली. आपण पाच चित्रे घेतली, असे तिने पुढे लिहिले. अभ्यासकांनी त्याहून एक-दोन अधिक मोजली आहेत. पहिल्या चित्रांत राहुटी दिसते, पेटी दिसते, वयात आलेली एक मुलगी दिसते. शेवटच्यात यांतले काही नाही. दोन मुले पाठमोरी, अंगावर तान्हे, हनुवटीशी टेकलेला हात, आणि दूर कोठेतरी लागलेली नजर. मंदीच्या काळातील सबंध अमेरिका त्या एका चेहऱ्यात सामावली असे म्हणतात. राहुटीच्या खांबाला धरलेला एक अंगठा कोपऱ्यात येत होता, तोही लँगने पुढे निगेटिव्हवरून पुसविला. तिचे काम दहाएक मिनिटांचे. तिने त्या स्त्रीचे नावही विचारले नाही. ते नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळले, तेही तिने स्वतः तक्रार केली म्हणून. त्या चित्राने आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ते घेतलेच नसते तर बरे होते, असे तिचे म्हणणे होते. मी हे चित्र थोर मानतो. परंतु त्या बाईची तक्रारही मला खोटी म्हणवत नाही. सहा-सात चौकटींपैकी तिचा चेहरा म्हणून कोणती राहावी, हे तिला कोणी विचारले नव्हते.

लाइकाने आणि वर काच असलेल्या चौकोनी रोलायफ्लेक्सने ही गोष्ट नित्याची करून टाकली. रोल धुतला की त्याच्या पट्ट्या कागदावर ओळीने मांडून एकदम छापावयाच्या, भिंगातून त्या पाहावयाच्या, आणि लाल पेन्सिलीने एका चौकटीभोवती रेघ ओढावयाची. या कागदाला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. माझ्या मते त्या शतकातील फोटोग्राफीचा खरा इतिहास या कागदांत आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९६२ साली डायान आर्बस हिने एका मुलाचे चित्र घेतले. हातात खेळण्यातला हातबाँब, बोटे वाकडी, डोळे विस्फारलेले. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आता त्या बैठकीचा कागद पाहावा. इतर चौकटींतून तोच मुलगा कमरेवर हात ठेवून, हसत, चारचौघा मुलांसारखा उभा आहे. आर्बसने जे निवडले ते घडले नव्हते असे नाही. पण ते एकदाच घडले.

काहींनी हा कागद मागे राहूच दिला नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने महायुद्धाच्या तोंडाशी आपल्या जुन्या निगेटिव्हमधून आवडत्या चौकटी कापून ठेवल्या आणि उरलेल्या नाहीशा केल्या. डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे १९३२ सालचे त्याचे पॅरिसमधील चित्र म्हणूनच एकाकी आहे. त्याच्या आधीचे नाही, नंतरचे नाही. ‘निर्णायक क्षणा’चा गौरव ज्या पुस्तकाने झाला ते १९५२ मध्ये आले. क्षण निर्णायक असतोच. तथापि शेजारच्या चौकटी कापून टाकल्या की तो अधिक निर्णायक दिसतो, इतके म्हणावयास हरकत नसावी.

आणि काहींना निवड करणे जमलेच नाही. रॉबर्ट फ्रँक याने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर हिंडून सुमारे सत्तावीस हजार चौकटी टिपल्या आणि त्यांतल्या ८३ घेऊन पुस्तक केले. त्या गाळणीला त्याने जवळजवळ वर्ष दिले. युजीन स्मिथला १९५५ मध्ये पिट्सबर्ग शहराची शंभर चित्रे तीन आठवड्यांत हवी म्हणून पाठविले होते. त्याने दहा हजारांवर निगेटिव्ह जमविल्या आणि त्यांच्या पसाऱ्यात आपले आरोग्य व संसार दोन्ही घालवून बसला. १९८४ मध्ये गॅरी विनोग्रँड वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल नुसते टिपून ठेवलेले, न धुतलेले, असे निघाले. छत्तीसने गुणावे, नव्वद हजार चौकटी होतात. त्या काय आहेत हे त्याने स्वतःही पाहिले नव्हते. मृत्यूनंतर त्या इतरांनी धुतल्या, इतरांनी निवडल्या, आणि प्रदर्शनात त्याच्या नावाने लावल्या. त्याची म्हणून ती चित्रे कोणत्या अर्थाने मानावीत, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

आपल्याकडे मात्र असा पूर येण्यास अवकाश होता. फिल्म परदेशातून येई आणि आयातीवर निर्बंध असत. होमाई व्यारावाला या पारशी बाईंनी दिल्लीत १९४२ पासून वृत्तपत्रीय छायाचित्रणाचे जे काम केले ते स्पीड ग्राफिक व रोलायफ्लेक्सवर. पहिल्यात दोन चित्रांनंतर पत्रा बदलावा लागे, दुसऱ्याच्या रोलला चौकटी बारा. पंडित नेहरू पायऱ्या उतरेपर्यंत फार तर एक-दोन संधी मिळावयाच्या. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातून १९६७ मध्ये ‘इंदू’ फिल्म निघू लागली, तेव्हा कोठे थोडी सोय झाली. तरीही मध्यमवर्गीय घरांतून बारा चौकटींचा एक रोल दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पुरवीत. त्या रोलवर आधी लक्ष्मीपूजन, मग मुंज, मग महाबळेश्वर, आणि शेवटी ‘रोल संपवायचा आहे’ म्हणून दारातली गाय. माझ्या संग्रहात अशा तीन गायी आहेत.

आता ती छत्तीसची मौज. १९७५ साली कोडॅकच्याच कारखान्यात स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मविना चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. चित्र कॅसेटच्या फितीवर साठे आणि एका चित्रास तेवीस सेकंद लागत. एका फितीवर किती चित्रे ठेवावीत? अधिक मावली असती. पण त्याने तीस ठरविली, कारण फिल्मच्या रोलला चोवीस किंवा छत्तीस असत आणि तीस हा त्यांच्या मधला आकडा. नव्या यंत्राला मर्यादा नव्हती, तरी माणसाच्या मनाला ती होती. पुढे ती गेली. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस-तीस, काही तर शंभराहून अधिक चौकटी टिपतात, आणि त्यांतून डोळे उघडे असलेली निवडून देण्याचे कामही यंत्रच करू लागले आहे. आजीच्या बाबतीत ते उपयोगी पडले असते, हे मी नाकारीत नाही.

कोडॅकने आपली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद केली. तिचा शेवटचा रोल कंपनीने स्टीव्ह मकरी या छायाचित्रकाराला मागितल्यावरून दिला. हजारोंनी चौकटी टिपण्याची सवय असलेल्या या माणसाला छत्तीसच मिळणार होत्या. २०१० साली तो न्यूयॉर्कहून निघाला. मुंबईत त्याने अमिताभ बच्चन, आमीर खान यांची चित्रे घेतली, राजस्थानात जाऊन रबारी लोकांची घेतली, इस्तंबूलमध्ये वृद्ध छायाचित्रकार आरा ग्युलर याचे घेतले. मोठ्या नटालाही वाट्याला एक-दोन चौकटी. कित्येकदा तो डिजिटल कॅमेऱ्यावर आधी प्रकाश व बैठक पारखून पाही आणि मगच तो जुना खटका दाबी. विमानतळावरच्या क्ष-किरणांतून रोल जाऊ नये म्हणून त्याची कोण धडपड चालली होती! ही फिल्म धुणारी प्रयोगशाळा तोपर्यंत जगात एकच उरली होती, अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, पार्सन्स नावाच्या लहान गावी. टपालावर विश्वास न ठेवता मकरी स्वतः तेथे गेला, उरलेल्या दोन-तीन चौकटी गावातच हिंडून पुऱ्या केल्या, आणि रोल त्या प्रयोगशाळेतील माणसाच्या हातात ठेवून बाहेर थांबून राहिला.